टोरीच्या तेलाची बाटली

"भाऊ, शर्टात काय लपवलं?"

"काही नाई जी."

"काही नाही, तर मग वास कशाचा?"

बायकांच्या वॉर्डाच्या दारात झालेली ही आमची पहिली भेट. सन दोन हजार तीन, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, शिवारात धानाची कापणी जोरात. नागभीडच्या पन्नास खाटांच्या दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते. समोरचा माणूस धम्मदीप रामटेके, छोट्या रेल्वेलाइनवरच्या एका फाटकाचा गेटमन. त्यानं मुकाट्यानं शर्टातून बाटली काढली. टोरीचं तेल. टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल आमच्याकडे भाजीत चालतं आणि दुखऱ्या अंगालाही चालतं. वास मात्र एकदा नाकात शिरला की आठवडाभर बिऱ्हाड करून राहतो.

त्याची आई, अंजनाबाई, आमच्या सहा नंबरच्या खाटेवर होती. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाय घसरून पडली आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते.

"आईचं अंग दुखते," तो म्हणाला. "थोडं चोळून देतो म्हटलं."

"टाक्यांना हात लावायचा नाही."

"नाई लावत."

मी बाटली परत दिली आणि पुढच्या खाटेकडे वळले. माझ्या त्या एका वाक्याची किंमत मला पुढे कळली.

माझी ड्युटी दुपारी दोनपासून. तो चार वाजता, पॅसेंजर गेली की यायचा. सायकल उभी करायचा, चप्पल दाराबाहेर काढायचा, आणि आईच्या आधी माझ्याकडे बघायचा. मला ते दिसत होतं. मी काही आंधळी नव्हते. पण रोज शंभर नातेवाईक येतात, त्यातले दहा जण सिस्टरकडे बघतात. त्याचं काय एवढं?

"सिस्टर, तुमी जेवल्या का?"

"चार वाजता कोण जेवतं, भाऊ?"

"मी जेवतो. गाडी गेल्याशिवाय डबा नाई उघडत मी."

"आणि गाडी दोन तास लेट असली तर?"

"मंग उपाशी. माह्यी सवय आहे वाट पाहायची..."

हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. सलाईनच्या थेंबांकडे बघत होता. मी तक्ता भरत होते. नाडीच्या रकान्यात ताप लिहिला गेला, मग खोडला.

एकदा त्यानं विचारलं, "तुमी मले भाऊ काऊन म्हणता?"

"सगळ्यांनाच म्हणते. डॉक्टरपासून चहावाल्यापर्यंत इथे सगळे भाऊच आहेत."

"मंग त्या सगळ्यात मले नका मोजू नं."

अंजनाबाई डोळे मिटून पडल्या होत्या, पण त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. म्हातारी झोपलेली नव्हती. मी तिथून निघाले आणि औषधाच्या खोलीत जाऊन उगाच कापसाचे बोळे करत बसले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आणि आपल्याला बरं वाटतंय याचा रागही येत होता.

ऑपरेशनचा सातवा दिवस. दुपारचे साडेचार. अंजनाबाईंना खाटेच्या कडेला बसवायचं ठरलं होतं. मी आणि धम्मदीपनं दोन्हीकडून धरलं. त्या बसल्या आणि एकदम छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई... मले दम लागून राह्यला."

चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. मी त्यांना लगेच टेकवलं, डोक्याकडची बाजू उंच केली, ऑक्सिजन लावला. बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजनचा आकडा शहाऐंशी. नाडी एकशे चोवीस. श्वास मिनिटाला चौतीस. पूर्ण श्वास घेतला की उजव्या बाजूला टोचतं, म्हणाल्या.

ज्युनियर डॉक्टर आले, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "इतक्या दिवसांनी उठवलं, घाबरल्या असतील. गॅस पण असेल."

डॉक्टर चांगला होता, पण नवा होता. माझं मन मानेना. गॅसनं आकडा शहाऐंशी होत नाही. मी चादर वर केली. रोज आम्ही पट्टी बघायचो, टाके बघायचो. पोटरी कोणी बघत नव्हतं. मीही नाही. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड होती, गरम होती, चकचकत होती. टेप लावला. चार सेंटीमीटरचा फरक.

आणि तिला तेलाचा वास येत होता.

"धम्मदीपभाऊ, पाय चोळला का?"

आई धापा टाकत होती, सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता. नाही म्हणणं त्याला सोपं होतं. असल्या वेळी दहातले नऊ जण नाहीच म्हणतात.

"चोळला," तो म्हणाला. "पोटरी ठणकते म्हणे आई. पाच दिवस, रोज सकाळी ड्युटीच्या आधी अर्धा घंटा. टाक्यांना हात नाई लावला जी. तुमी म्हटलं होतं..."

तुम्ही म्हटलं होतं.

मी थेट मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशनचा सातवा दिवस, अचानक दम, एक पोटरी सुजलेली, पाच दिवस मालिश. सगळं एका दमात सांगितलं. मग ते म्हणाले, "पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली असणार. ईसीजी काढा, हेपॅरिन द्या, मी येतोय. तिला उठवू नका, पायाला कोणी हात लावू नका, आणि नागपूरला न्यायला गाडी तयार ठेवा."

धम्मदीपकडून मी बाटली घेतली आणि माझ्या कपाटात टाकून कुलूप लावलं.

अँब्युलन्समध्ये मी सोबत गेले. दर दहा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, यंत्राचा आकडा, टाक्यातून रक्त येतंय का ते बघायचं. रक्त पातळ करायचं औषध दिलं होतं. सातव्या दिवसाच्या जखमेवर ते द्यायचं म्हणजे लक्ष ठेवायलाच हवं. तो समोर बसला होता, आईचा हात दोन्ही हातांत धरून. आकडा नव्वदच्या वर जाईना. भिवापूर मागे पडलं तेव्हा तो बोलला.

"सिस्टर. माह्यामुळं झालं का?"

नातेवाईकाला असलं काही सांगायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं. 'डॉक्टरांना विचारा' म्हणायचं. मी बराच वेळ ते वाक्य तोंडात घोळवलं.

"गाठ पडून राहिल्यानं झाली," मी म्हटलं. "तुमच्यामुळे नाही. पण चोळल्यानं ती सुटली असेल. असेल म्हणते, नक्की कोणीच सांगू शकत नाही."

त्यानं मान खाली घातली.

"आणि ऐका. मी फक्त टाके म्हटलं. पाय म्हणायला पाहिजे होतं. पोटरी दुखली तर आधी आम्हाला सांगा, हेही म्हणायला पाहिजे होतं. बाटली बघूनही परत दिली. चूक अर्धी माझी आहे."

त्यानं वर बघितलं. त्या नजरेत राग शोधला मी, सापडला नाही.

"तुमी हे सांगितलं नसतं, तर मले कळलं नसतं," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही वॉर्डात 'नाही चोळला' म्हटलं असतं, तर मलाही कळलं नसतं."

उमरेडच्या पुढे आकडा ब्याण्णव झाला. मी तो त्याला दाखवला. तो रडला, अगदी उघड, बाहीनं डोळे पुसत. त्या क्षणी तो मला आवडला. त्याआधीही आवडत असेल, पण माझ्या लक्षात आलं ते तेव्हा. अंजनाबाईंच्या नाडीवर माझं बोट होतं आणि मी माझीच नाडी मोजत होते बहुतेक, कारण तो आकडा दोनदा चुकला.

नागपूरला त्या बारा दिवस होत्या. वाचल्या. माझं सांगायचं तर, त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात पोटऱ्या रोज मोजल्या जातात, आणि शर्टात बाटली दिसली की मी पाच मिनिटं भाषण देते. कोणी कंटाळलं तरी देते.

फेब्रुवारीत अंजनाबाई तपासणीला आल्या. काठी टेकत, पण स्वतःच्या पायानं. धम्मदीप मागून, फाइल धरून. तपासणी झाल्यावर त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता फार लक्ष देऊन वाचू लागल्या. त्यांना वाचता येत नाही.

"सिस्टर, माह्यी बाटली तुमच्याकडे आहे," तो म्हणाला.

"आहे. नाव माझं खुशबू, आणि कपाटात तीन महिने टोरीचं तेल. सगळा स्टाफ हसतो मला."

"परत पाहिजे होती."

"काऊन? पुन्हा पाय चोळायचा?"

"नाई जी. आईले भाजी करायची आहे. ती म्हणते... सिस्टरलेच घिऊन ये म्हणा बाटली. जेवूनच जाईल म्हणा." तो थांबला. फाइलचा कोपरा दुमडला, सरळ केला. "मीबी तेच म्हणतो. पण मी आईसारखा एका दिवसाच्या जेवणाचं नाई म्हणत."

बाहेर बाकावर काठी खाली पडली. अंजनाबाईंनी ती उचलली नाही.

मी कपाट उघडलं. बाटली काढली, बूच घट्ट केलं. त्यानं हात पुढे केला. मी बाटली त्याला दिली नाही. पिशवीत टाकली, माझ्या. त्या आठवड्यात माझी ड्युटी सकाळची होती, चारला संपत होती.

"तुमच्या गावाकडची गाडी किती वाजता आहे, धम्मदीप?"

पुढचा 'भाऊ' मी लावला नाही. त्यानंही तो ऐकायची वाट पाहिली नाही.

"पाच वीसले," तो म्हणाला. "लेट असली तरी मी आहेच."