डोळा खाली

गिरण्यांचा संप लांबला, तसा रावजी मुंबई सोडून मिरजोळ्याला परतला. घरामागे नुसता कातळ. त्यावर त्याने आणि बायकोने, हौसाने, पाटीपाटीने माती आणून वाफा चढवला आणि त्यात सुरण लावला. सुरण साधला तर गावात राहायचं. नाहीतर पुन्हा मेहुण्याच्या खोलीत पथारी. मेहुणा जेवायला वाढी, पण टोमण्यांसकट.

मृग सरला. दगडांच्या गडग्यापलीकडे शेजारच्या मजीदच्या सुरणाला गुडघाभर कोंब आले. रावजीचा वाफा मात्र रोज सकाळी उकरलेला, आणि कोंब एक नाही.

उकरलेली माती बघून जनावर ओळखतो, असं रावजी चारचौघांत सांगे. "घूस," तो म्हणाला. पण बीळ कुठेच नव्हतं. साळिंदर म्हणावं, तर गड्ड्यांना दात लागलेले नव्हते. डुकराने अख्खा वाफा नांगरला असता.

"मग दोन पायांचा असंल," हौसा गडग्याकडे बघत म्हणाली.

मजीदने ऐकलं. "वहिनी, सुरणाने माजा घसा खाजतो. चोरायचाच तर तुमचा कोंबडा नाय चोरणार?" हसत हसत तो गडगा ओलांडून आला, मातीत हात घातला, आणि हसू गेलं. "रावजीभाव, लावलास तरी कसा? कोंब फुटायचा डोळा खाली हाय."

"मुंबईत ऱ्हायलो म्हणून येडा झालो काय?"

पण एकूण एक गड्ड्याचा डोळा खाली होता. दोघांनी सगळे सुलटे लावले. वरची ओली माती हौसाने तळव्याने सारवली, मुंगी चालली तरी दिसावी अशी.

सकाळी मजीदही बघायला आला. माती तशीच गुळगुळीत. आत सगळे डोळे खाली.

हौसाने गडग्याकडे बघणं सोडलं.

रावजीने एका गड्ड्याखालची माती कातळापर्यंत काढली. कोंब होता. अंगठ्याएवढा जाड, सरळ खाली, कातळात शिरलेला. भोवती भेग नव्हती.

"सोड," मजीद म्हणाला. "ऱ्हाऊंदे."

रावजीने ओढला.

कोंब सहज वर आला. हातभर. पुरुषभर. थंडगार. आता टोकाला पान यायचं.

पान नव्हतं.

देठ कोयत्याने तिरका छाटलेला होता, आणि कापावर चीक अजून सुटत होता.