गव्हाणीभोवतीची आगगाडी

"चार बटणं द्या. साधी, दिव्याची."

"कशाला हवीत?" जयमालानं विचारलं. गिऱ्हाईकाला असं विचारायचं नसतं; पण त्या उंच, लाजऱ्या तरुणाच्या हातात खेळण्यातला रूळ होता, आणि ती काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"सांधा बदलायला... गाडी दुसऱ्या रुळावर वळवायला," तो म्हणाला. "मावशीनं जर्मनीहून आगगाडी पाठवलीय. नाताळात चर्चच्या ओसरीवर, गव्हाणीच्या देखाव्याभोवती फिरवायचीय. पण गाडी हळू केली की सांधा हलतच न्हाई, अन् गाडी थेट देखाव्यातल्या मेंढरांत घुसते!"

जयमाला खळखळून हसली. तिचे वडील रंभाजी श्रीरामपूर स्टेशनात सांधेवाले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं आणि डिप्लोमा झालेली लेक ते चालवत होती. अशी पोरगी सांध्यापुढं हटते होय!

विनय अमोलिक त्याचं नाव. दुसऱ्या दिवशी ती चर्चमध्ये गेली. चौऱ्याण्णवचा डिसेंबर, ओसरीवर कोवळं ऊन. गाडीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहताच घोडं कुठं पेंड खातंय ते तिला कळलं. पठ्ठ्यानं सांध्याच्या तारा रुळांना वीज देणाऱ्या टोकांनाच जोडल्या होत्या. गाडीचा वेग कमी केला की तिथली वीजही कमी, मग सांधा हलणार कसा? मागे दुसरी दोन टोकं होती, गाडीचा वेग कितीही असो, सारखी वीज देणारी. तिनं तारा तिथं जोडल्या आणि दारावरच्या घंटीची बटणं बसवली.

"दाबायचं अन् लगेच सोडायचं. धरून ठेवलंत तर सांध्यातली कॉइल जळेल."

"आणि... धरून ठेवावंसं वाटलं तर?"

"तर मला परत यावं लागेल," ती बोलून गेली आणि तिचे कान तापले.

दोनच दिवसांत कॉइल जळली. नंतर पुन्हा जळली. ती तांब्याची बारीक तार गुंडाळायची, तो रीळ धरायचा. बोटाला बोट लागायचं – आणि दोघंही मेंढरांकडे बघायचे.

"मुद्दाम जाळता ना?"

"व्हय," तो म्हणाला. इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं.

पण नाताळ झाला की विनय पुण्याला जाणार होता, फादर व्हायला. फादर लग्न करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. धर्म आडवा आला असता तर ती साऱ्या गल्लीशी भांडली असती. इथं भांडण देवाशी होतं, आणि तिच्या बौद्ध घरात तर देव मानतच नव्हते. ज्याला मानत नाही त्याच्याशी माणसानं भांडायचं तरी कसं? रोज घरी जाताना ती ठरवायची, उद्या जायचं नाही. आणि रोज जायची.

नाताळच्या आदल्या दुपारी ती न बोलावता गेली. गाडी सुरळीत फिरत होती. विनय बटण दाबत होता आणि लगेच बोट उचलत होता.

"आज कॉइल जळली न्हाई?"

"न्हाई... आज नीट जमलं." तो खाली बघतच म्हणाला, "जयमाला, तू थांब म्हणालीस तर मी जात न्हाई."

हेच ऐकायला तिनं इतके दिवस काढले होते! शब्द ओठांवर आला... आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं. ती 'थांब' म्हणेल याचीच त्याला भीती वाटत होती.

"मी कशाला म्हणू? तुम्हाला काय वाटतं, ते सांगा."

त्यानं बटण दाबलं आणि लगेच बोट उचललं. त्याचे डोळे भरून आले.

"मला तुम्ही लई आवडता," ती म्हणाली. "म्हणूनच 'थांबा' म्हणणार न्हाई. उद्या तुम्हाला वाटलं की हिनं अडवलं... ते मला सोसायचं न्हाई. जा तुम्ही."

दुकानात रंभाजी स्टुलावर बसले होते. "चालली का गं गाडी?"

"चालली, आबा. झकास चालली," असं म्हणून ती काउंटरमागं खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

बाहेर कुणी बल्ब मागत होतं. रंभाजींनी उठून शटर अर्धं खाली ओढलं.

"उद्या या, दादा," ते म्हणाले. "आज दुकान बंद हाय."