पाहुण्यांच्या सपाता

१९८६ च्या वसंतात, सांता क्लारातल्या एका चिप-कंपनीच्या उपाहारगृहात, मृणालिनी आणि तेत्सुओ यांची गाठ पडली ती आंबटाच्या ओढीने. तिच्या डब्यात दहीभात आणि लिंबाचे लोणचे; त्याच्या डब्यात नुसता भात आणि मधोमध खारवलेले एक लालसर फळ. दोघांनी एकमेकांच्या डब्यात चोरून पाहिले, दोघेही पकडले गेले, आणि उन्हाळा लागेपर्यंत एकाचे आंबट दुसऱ्याने चाखल्यावाचून जेवण पुरे होईना.

आणि आता हा शब्द!

तेत्सुओची आई नागोयाहून आली होती. तिच्याशी तो ऑफिसातून फोनवर बोलत असताना मृणालिनीच्या कानावर आपले नाव आले, पाठोपाठ ‘गायजिन’ — आणि तो खळखळून हसला. परक्यांना हिणवायचा तो जपानी शब्द, असे शेजारच्या टेबलावरच्या रवीने तिला पूर्वीच सांगून ठेवले होते. रविवारी त्याच्या घरी जेवायचे आमंत्रण होते. जावे, की हे सगळे इथेच थांबवावे? पण न विचारता तोडून टाकणे तिच्या स्वभावात नव्हते.

दार उघडताच, उंबऱ्याबाहेरूनच तिने विचारले, “तू मला गायजिन म्हणालास?”

“म्हणालो...” तो गडबडला. “म्हणजे बाहेरची. आईनं विचारलं, ती गायजिन जमिनीवर बसेल का? मी म्हटलं, ही गायजिन तुझ्यापेक्षा ऐसपैस मांडी घालते!”

“पण ती शिवी आहे की नाही?”

“नाक मुरडून म्हटली तर आहे. आणि ऐकणाऱ्याला बोचलं, तर माझं मन साफ होतं एवढ्यानं भागत नाही. बोचलं?”

“बोचलं.”

“मग पुन्हा नाही म्हणणार.”

“इतक्यात हरलास? मी भांडायच्या तयारीनं आले होते!” तिला हसू आवरेना. “आमची सुमित्रामावशी इथं इतकी वर्षं राहून शेजारच्या अमेरिकनांना फॉरेनर म्हणते. काल मला विचारत होती, ‘तुझा तो फॉरेनर वरण खातो का गं?’”

“आणि तू?”

“मी... हसले.” ती थबकली. अगदी त्याच्यासारखीच हसली होती ती.

तिने चपला काढल्या. दाराशी मांडलेल्या तपकिरी सपातांत ती पाय घालणार, तोच त्याची आई लगबगीने आली, मानेनेच ‘नाही’ म्हणाली, आणि एक नवा तांबडा जोड तिच्या पावलांपुढे ठेवून काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणाल्या?”

तेत्सुओच्या कानाच्या पाळ्या त्या सपातांहून लाल झाल्या. “त्या तपकिरी पाहुण्यांच्या. या... या घरच्या माणसाच्या, इथंच राहायच्या, म्हणते. तिकडून येताना घेऊन आली. माप मी कळवलं होतं.”

“माझं माप तुला कुठून ठाऊक?”

“जेवताना तू टेबलाखाली चपला काढून बसतेस. मी... पाहत असतो.”

तिने पाय आत सरकवले.

“सैल होतात?”

“नाही,” ती खाली पाहत म्हणाली, “बरोबर बसतात. मावशीला मात्र हे तू सांगायचंस, फॉरेनर!”

“सांगतो. आणि वरण खातो, हेही सांगतो.”