मनोऱ्यातल्या बाया

सांगवीजवळच्या कॉलेजच्या मनोऱ्यात अकरा घंटा होत्या. प्राचार्य त्यांना कॅरिलन म्हणायचे, तीस वर्षं त्या वाजवणारा गेणबातात्या म्हणायचा, "आमच्या बाया." लाकडी दांड्यांवर मुठी आपटून तो अख्खं भजन वाजवायचा. उद्या त्या मोडीत जाणार होत्या. त्यांच्या जागी स्पीकर येणार होता.

स्मरणिकेसाठी घंटांचा इतिहास लिहायला राजेश्वरी भर दुपारी मनोरा चढली, ती चिडूनच. या म्हाताऱ्यांनी कधी चार ओळी लिहून ठेवल्या असतील तर शपथ!

"तात्या, गावातल्या बायकांची भांडी वितळवून घंटा ओतल्या म्हणता. पुरावा? देणाऱ्यांची नावं मिळाली, तरच मला ही विक्री अडवता येईल."

"नावं आत हायती की. भांड्यांवर घातल्याली."

"पितळ वितळल्यावर नावं राहतात होय? काहीतरीच!"

तात्यानं कोपरीच्या खिशातून चिंचेचा गोळा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "लई शिकलीस. आता घास."

ती घंटेखाली वाकली. आंबट, ओला वास दाटला. हिरवट थर सुटला आणि बोटांना अक्षरं लागली... ठिपक्याठिपक्यांची, भांडीवाल्यानं ठोकलेली. सौ. सारजा. सौ. नकोशी. दाटीवाटीनं, एकीला एक चिकटून... सौ. बानूबाई गेणबा.

पितळ अंगासारखं कोमट होतं.

"आपल्या... काकू?" तिचा आवाज आपोआप खाली आला.

"व्हय. तिचा हंडा. जाऊन बारा वर्सं झाली." तात्यानं घंटेवरून हळूच हात फिरवला. "चुकीचं वाजवलं की रागं भरती. उद्या न्हेली तर... मी कुणाची बोलणी खाऊ?"

राजेश्वरीनं मोबाइल बाहेर घेतला. नावांचे फोटो काढून ती थेट प्राचार्यांच्या टेबलाशी धडकली. "यांच्या लेकीसुना गावातच आहेत. त्यांना विचारा, मग न्या."

विक्री थांबली.

संध्याकाळी तात्यानं साऱ्या बाया एकदम वाजवल्या. सूर थेट तिच्या घरापर्यंत आले. हसत ती स्वयंपाकघरात शिरली, तर आई तांब्या उजेडात धरून उभी.

"राजू, सकाळपातूर ह्यावर माझं नाव हुतं ना गं? सगळी भांडी बघितली. एकावर बी न्हाय."

राजेश्वरीनं बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत.

बाहेर घंटा थांबल्या. आईनं मनोऱ्याच्या दिशेनं मान वळवली, कुणी हाक मारल्यासारखा कान दिला, पदराला हात पुसले.

"आले गं... आले," ती कुणालातरी म्हणाली, आणि दाराकडं चालू लागली.