लाल दोऱ्याची फांदी

"फुलंच चोरायची, तर खालच्या फांदीची चोरावीत. शिडी कशाला?"

मी दचकले. शिडीच्या चौथ्या पायरीवर मी, एका हातात कागदी पिशवी, दुसऱ्यात नाशपातीच्या टपोऱ्या कळ्या. खाली उभा असलेला तो माणूस रागावलाय की हसतोय, काही कळेना…

"हे झाड आमच्या प्रशिक्षण केंद्राचं आहे!" मी ठसक्यात म्हटलं.

"तुमची हद्द त्या पाइपापाशी संपते, मॅडम. ही बाग माझी."

मी पिशवी पाठीमागे लपवत खाली उतरले.

मग मी सगळं सांगून टाकलं. यंदा हिवाळा कोमटच गेला. त्यामुळे पराग देणारी जात पंधरा दिवस आधीच फुलली आणि फळ देणारी अजून ढिम्म. दोघांची वेळच जुळेना, तिथे मधमाशी बिचारी काय करणार? म्हणून आत्ताच पराग काढायचा, वाळवायचा, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचा. दुसरी जात फुलली की ब्रशाने फुलाफुलाला लावायचा.

"चौदा विद्यार्थ्यांना हेच शिकवायचंय. ऋतू बदलला म्हणून रुसून कसं चालेल?"

"मग कळ्यांच्या बदल्यात पंधरावा मी," तो म्हणाला.

पोरं त्याला 'पंधरावे' म्हणू लागली. यायचा सगळ्यांच्या आधी, बसायचा सगळ्यांच्या मागे. चाळणीवर कळ्या घासताना एकदा सहज बोलून गेला, "दादाने शहरात नोकरी बघून ठेवलीये. दीडेक महिन्याने जायचं. बाग आपली आपण फळ धरत असेल, तर आई पाण्यापुरतं बघेल. नाहीतर… झाडं काढायची."

चाळणी माझ्या हातून सुटता सुटता राहिली. तेव्हापासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही. फळ्यावर लिहिता लिहिता खडू थांबायचा, दारात पाऊल वाजलं की मान वळायची.

त्याची फळ देणारी झाडं फुलली तेव्हा आम्ही सगळे ब्रश घेऊन तिथेच गेलो. एका फांदीला मी लाल दोरा बांधला आणि पोरांना दम भरला, "हिला कुणीही ब्रश लावायचा नाही! ही आपली साक्षीदार. आपल्या मदतीवाचून किती फळ धरतं, ते हीच सांगणार."

"एवढा हलका हात, मॅडम?" शेजारच्या फांदीवरून तो हळूच म्हणाला. "फुलाला कळेल तरी का?"

"कळायचं त्याला कळतं," मी म्हटलं — आणि माझेच कान तापले.

आता माझी फजिती ऐका. चार दिवसांनी, उन्हं कलताना, मी फुलं मोजायला एकटीच गेले. बाकीच्या फांद्यांचं काम झालं होतं. दोऱ्याची फांदी तेवढी तशीच, कुणी न विचारलेली… पाकळ्या गळायला लागलेल्या. खिशातल्या बाटलीत चिमूटभर पराग उरला होता. आणि मी, चौदा जणांना दम देणारी मी, तिच्या फुलाफुलाला ब्रश लावून आले!

तीन आठवड्यांनी आम्ही फळं मोजायला जमलो. नखाएवढी हिरवी फळं धरली होती.

"मॅडम, दोऱ्याची फांदीपण भरलीये!" वर्गातली बडबडी मुलगी ओरडली.

त्याने फांदी हातात धरून पाहिली. "म्हणजे झाडांना आपली गरजच नाही," तो म्हणाला. "सुटलो. परवाची गाडी धरतो." शब्द सुटकेचा होता, चेहरा काही तसा नव्हता.

गप्प राहिले असते तर तो निर्धास्त गेला असता, आणि पुढच्या वर्षी त्याची आई रिकाम्या झाडांखाली उभी राहिली असती. सांगावं, तर त्याला वाटणार, ही आपल्याला अडवतेय. देवापुढे कबुली देणं सोपं, तो हसत नाही. इथे चौदा तोंडं होती.

"थांबा… ती फांदी खोटी साक्ष देतेय. तिलाही मी पराग लावलाय."

"मॅडम, तुम्ही?" बडबडीने कपाळावर हात मारला. "आमचा एक आकडा चुकला तर पानभर लाल रेघा!"

"पण का?" त्याने हळूच विचारलं.

"ती एकटीच राहिलेली बघवेना. तुम्ही जाणार म्हणून… माझं चित्तच ठिकाणावर नव्हतं." मी तसंच पुढे रेटलं. "खरं ते हे, की हिवाळा असाच राहिला तर बागेला दरवर्षी माणसाचे हात लागतील. आणि दुसरं खरं — तुम्ही गेलात तर मला फार जड जाईल. दोन्ही ऐका, मग काय ते ठरवा."

त्याने खिशातून फोन काढला.

"दादा, मी येत नाहीये… नाही, नोकरी चांगलीच आहे रे."

तिकडून चढ्या आवाजात काहीतरी विचारलं गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला.

"झाडांसाठी?" तो म्हणाला. "हो… झाडांसाठीसुद्धा."