उसना धीर

शर्वरी मोहिते नॉर्वेच्या एका किनारी गावात पोहणं शिकवायला गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिला कळलं की इथे शिक्षक आला म्हणून कोणी उठून उभं राहत नाही आणि बाईही म्हणत नाही. आठ वर्षांची पोरं सरळ "शर्वरी" म्हणून हाक मारायची. तेही तिने गोड मानून घेतलं. दुसरी गोष्ट मात्र पचायला जड होती. इथल्या शिक्षकाने बोलायचं कमी आणि आठवायचं जास्त.

समुद्र दरवर्षी वर चढत होता. पोहता न येणाऱ्या मुलाला किनाऱ्यावर राहायला मनाई होती. त्याची रवानगी डोंगरापलीकडच्या वसतिगृहात होई. हातपाय मारायला कोणीही शिकवेल, पण पाण्याची भीती कशी घालवणार? त्यासाठी 'ठसवणी' निघाली होती. शिक्षकाने आपण पोहायला शिकलो तो दिवस आठवायचा आणि यंत्राने त्याचा ठसा मुलाच्या मेंदूत उमटवायचा. मुलाला तो दिवस स्वतःचाच वाटू लागे. गावातली माणसं शिकली होती कोमट पाण्याच्या तलावात, फुगीर जाकीट घालून. ज्या आठवणीत भीतीच नाही, तिच्यात धीर कुठून असणार? म्हणून तर कराडजवळची शर्वरी एवढ्या लांबून आणवली होती.

तिच्याकडे विहीर होती. पाठीला सुका भोपळा बांधलेला, खाली हिरवंगार पाणी आणि पोटाखाली वडिलांचा, आबांचा हात. एरवी आबा तिला नावानेच हाक मारत. विहिरीत उतरलं की मात्र ती ठकू व्हायची. "सोडलं बरं का, ठकू!" म्हणत त्यांनी हात काढला आणि ही बया चक्क बुडाली नाही. आबा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या एका सकाळसाठी तिचा जीव अजून तुटायचा.

दर मुलामागे तिचा एक ठसा घेतला गेला आणि हिवाळा संपेपर्यंत सगळा वर्ग पोहू लागला. उरली एकटी मारित. तिचा बाप मासेमारीच्या बोटीसकट बुडाला होता. ती तलावाच्या कडेला पायातले मोजेसुद्धा काढत नसे.

यंत्र सांभाळणाऱ्या डॉक्टर हेल्गाने मारितसाठी ठसा द्यायला आलेल्या शर्वरीला अडवलं.

"विहीर कशी होती, सांग."

"पायऱ्या होत्या. शेवाळं होतं. भोपळ्याची दोरी काचायची."

"आणि वडिलांचा चेहरा?"

शर्वरीने डोळे मिटून पाहिलं. हात दिसला, चेहरा नाही.

"आठवण कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी नसते," हेल्गा म्हणाली. "काढली की ती भिजवलेल्या मातीसारखी मऊ होते. आपण तेवढ्यात ठसा घेतो, आणि थोडी माती ठशालाच चिकटून जाते. आणखी एकदा घेतला, तर तुझ्याकडे काही उरणार नाही."

"मग बाकीच्या मुलांकडून घे की! त्यांच्याकडे आहेच ना ती?"

"ठशाचा ठसा घेतला तर विहीर दिसते, धीर येत नाही. करून पाहिलंय आम्ही."

शर्वरी दोन दिवस ठसवणी टाळत राहिली. ती सकाळ पुन्हा मागून घ्यायला आबा तरी कुठे होते? तिला सारखं रडू येत होतं. मग शाळेच्या ओसरीत तिला मारितची आई दिसली. लेकीच्या लोकरी कपड्यांवर, वसतिगृहात हरवू नयेत म्हणून, ती एकेक करून नाव शिवत बसली होती. शर्वरी तिथूनच मागे फिरली आणि हेल्गाच्या यंत्रापुढच्या खुर्चीत जाऊन बसली.

दुसऱ्या सकाळी मारित पाण्यात उतरली. शर्वरीने तिला पोटाखालून धरलं. पोरगी एकदाही परत चल म्हणाली नाही. शर्वरी हात काढणार, तोच ती खणखणीत मराठीत ओरडली, "सोडलं बरं का, ठकू!" आणि सुटलीच. पलीकडच्या काठावरच्या मुलांनीही तीच आरोळी ठोकली.

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मारित धापा टाकत कडेला आली, तेव्हा तिने कौतुकाने विचारलं, "काय छान पोहलीस गं! पण ही ठकू कोण?"

मारित तिच्याकडे बघतच राहिली. मग आपल्या ओल्या हाताने तिचा हात धरून हळूच म्हणाली,

"शर्वरी, तू बस इथे. आपल्या आबांनी हात कसा सोडला, ते मी तुला सांगते."