तोंड घालायची सोय

दिवा जरा इकडे सरकव भाचीबाई, मग सांगते. तू विचारलंस म्हणून हं, नाहीतर बंदरावरच्या त्या धक्क्याचं नावही मी काढत नाही.

मी गेले होते नातीला आणायला, एवढंच. लेक परगावी होती आणि आमचे जावईबापू ठमीला कामावर घेऊन गेले होते. ते त्या धक्क्याचे व्यवस्थापक. जन्मात इतिहासाचं पान उलटलं नाही आणि शहराचा वारसा सांभाळायला बसलेत! मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तिथे पूर्वी लाकडाच्या वखारी होत्या, मग मालाची जहाजं लागू लागली, मग माणसांच्या लाँच सुटू लागल्या. जावईबापूंनी काय केलं? आकाशपाळणा आणला, पोट सुटलेलं दाखवणारे आरसे लावले आणि बिचाऱ्या जुन्या क्रेनला गुलाबी रंग फासला. गुलाबी! लोकही धन्य. समुद्राकडे पाठ करून मोबाइलमध्ये समुद्र बघत होते.

“आई, नवीन आकर्षण बघून तरी जा,” जावईबापू तोऱ्यात म्हणाले.

धक्क्याच्या टोकाला भिंतीएवढा लाकडी फलक उभा होता. त्यावर एक जुना फोटो मोठा करून चिकटवलेला. लाँचमध्ये दाटीवाटीने बसलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या जागी गोल भोक. मागून जायचं, भोकात आपलं तोंड घालायचं आणि फोटो काढून घ्यायचा.

तो फोटो मी ओळखला. ती लाँच याच धक्क्यावरून सुटली होती आणि बंदर ओलांडायच्या आत बुडाली. त्यातलं कोणीही परत आलं नाही.

“बुडालेल्या माणसांची तोंडं कापलीत तुम्ही?”

“लोकांना कुठे माहीत असतं, आई? सुट्टीच्या दिवशी रांग लागते इथे!”

यांना सगळीकडे तोंड घालायची सवय होतीच, आता गावालाही सोय करून दिली. मी तसं बोलूनही दाखवलं. ते हसले. एवढा कोडगा माणूस माझ्या लेकीने कुठून शोधून काढला, कोण जाणे.

तेवढ्यात ठमी फलकामागे पळाली. दिवे लागायचे होते. पाण्यावरून धुकं वर येत होतं, खाली खांबांवर लाटा थपथप करत होत्या आणि कुजलेल्या दोरखंडाचा वास सुटला होता. फोटोतल्या एका बाईच्या मांडीवर बसलेल्या मुलीच्या भोकातून ठमीचं तोंड बाहेर आलं.

“आजी, मागे खूप गर्दी आहे गं.”

मागे कोणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

“कोण आहे, ठमे?”

“सरक म्हणतायत... पण सगळे ओले आहेत...”

तिचं हसू मावळलं. मग तोंडही आत गेलं. भोक काळं पडलं.

मी धावले. फलक उभा करता यावा म्हणून या शहाण्याने मागचा कठडाच काढून टाकला होता. दोन पावलं चुकली की खाली पाणी. काळोखात काही दिसेना. “ठमे...” म्हणत मी डावा हात पुढे केला आणि त्यात एक चिमुकला हात आला. गार, निथळता. मी घट्ट धरला. त्यानेही माझा धरला.

“सापडली हो! धरलंय मी तिला!”

फलकाच्या पुढच्या बाजूने जावईबापूंचा आवाज आला, “आई... ठमी माझ्या कडेवर आहे. ती त्या बाजूने केव्हाच बाहेर आली.”

मी हात झटकला आणि कशीबशी उजेडात आले. हातात काहीच नव्हतं.

“ओला दोर असेल,” जावईबापू म्हणाले. दोर! दोर कधी उलटून धरतो का? पण यांच्याशी बोलून तोंडाची वाफ कोण दवडणार? फलक अजून तिथेच आहे. रांग वाढलीय म्हणे.

ठमी छान आहे. खाते, दंगा करते. शाळेतून तिला मीच आणते. फक्त रस्ता ओलांडताना मी डावा हात पुढे केला, की ती मला वळसा घालून उजवीकडे येते. काल न राहवून विचारलं, “असं का गं करतेस?”

ती माझ्या डाव्या बाजूला, जराशी खाली बघत म्हणाली, “तो हात तिने धरलाय ना, आजी. मी मागितला, तर नाही म्हणाली.”